ब्रेक्झिटचा एक तरी ठोस फायदा सांगा (घोषणा नकोत)

चौकोनी_चंद्र

नमस्कार मंडळी,

परवा जेवताना धाकट्या भावाशी वाजलं. तो म्हणाला, ब्रिटनने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी सवयीप्रमाणे उलट बाजू घेतली आणि पाच मिनिटांत तोंडावर आपटलो, कारण हातात धरता येईल असं एकही उदाहरण सुचेना. 'सार्वभौमत्व' म्हणालो, तर म्हणे ते किलोवर मिळतं की डझनावर?

थोडी उजळणी. युरोपीय संघात (ईयू) राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. कागदोपत्री ब्रिटन बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला, पण वर्षअखेरीपर्यंत जुनेच नियम चालू होते. खरी वेगळी चूल १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे आता हिशेब मागायला हरकत नाही.

२०२२ मध्ये बोरिस जॉन्सननी जेकब रीस-मॉग यांना 'ब्रेक्झिटच्या संधी' शोधण्यासाठी मंत्री केलं. त्यांनी लगोलग एका वर्तमानपत्राच्या वाचकांनाच विचारलं, ईयूचे कोणते नियम काढून टाकू ते कळवा. खुद्द मंत्री लोकांना विचारतो, तर मी इथे विचारायला कशाला लाजू?

तोटेही सांगा, पण तेही वस्तू दाखवून. 'देशाची पत गेली' वगैरे चालणार नाही.

मिठाचा_खडा

निळा पासपोर्ट! आधीचा मरून होता. नव्याचं कंत्राट फ्रेंच-डच कंपनीला गेलं आणि तो तयार होतो पोलंडमध्ये, पण निळा आहे ना.

उंटावरचा_शहाणा

मरून रंगाची सक्ती ईयूने कधीच केली नव्हती. क्रोएशिया सदस्य आहे आणि त्यांचा पासपोर्ट निळाच आहे. तेव्हा हा फायदा बाद.

नर्मदेतला_गोटा

सार्वभौमत्वाची टिंगल करणं सोपं आहे. वस्तू हवी ना? घ्या.

१९८८ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला की युरोपने ब्रिटनला ठरवून दिलेल्या कोट्यातले मासे पकडणारी बोट खरोखर ब्रिटिश मालकीची हवी. तोवर स्पॅनिश मालक ब्रिटनमध्ये बोटी नोंदवून त्या कोट्यात मासेमारी करत होते. ते कोर्टात गेले. फॅक्टरटेम खटला म्हणून प्रसिद्ध आहे. शेवटी ब्रिटिश न्यायाधीशांनीच ब्रिटिश संसदेचा कायदा बाजूला ठेवला, कारण तो युरोपच्या कायद्यात बसत नव्हता. शेकडो वर्षं 'संसदेच्या वर कोणी नाही' असं घोकत आलेल्या देशात हे घडलं. लोकांना बोचलं तर नवल काय?

आणि हा काही फक्त उजव्यांचा हट्ट नव्हता. १९७५ च्या पहिल्या सार्वमतात बाहेर पडा म्हणून सगळ्यात जोरात ओरडणाऱ्यांत डाव्यांचे टोनी बेन होते. त्यांचा प्रश्न साधा होता: जो माझ्यावर कायदे लादतो त्याला मी घरी कसा पाठवू? वेस्टमिन्स्टरमधल्या माणसाला पाठवता येतं. २०२४ मध्ये हुजूर पक्षाला पाठवलंच की.

चौकोनी_चंद्र

गोटेसाहेब, हा मुद्दा ठोस आहे, मान्य. मग ते मासे परत मिळाले का?

झोपाळा

मासे म्हणाल तर अर्धवट मिळाले. २४ डिसेंबर २०२० च्या करारात असं ठरलं, की ईयूच्या बोटी ब्रिटनच्या पाण्यात जेवढे मासे पकडतात त्यातला मूल्याने २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत हळूहळू ब्रिटनकडे यावा. ती मुदत २०२६ च्या मध्यावर संपणार होती आणि पुढे दरवर्षी घासाघीस करता आली असती. पण मे २०२५ मध्ये स्टार्मर सरकारने ईयूच्या बोटींना आणखी बारा वर्षं, म्हणजे २०३८ पर्यंत, येऊ द्यायचं कबूल केलं.

खरी गंमत वेगळीच आहे. ब्रिटिश माणूस कॉड आणि हॅडॉक खातो, ते बरेचसे बाहेरून येतात. त्याच्या किनाऱ्यावर मिळणारे शिंपले, खेकडे, लँगुस्टीन (कोळंबीसारखा जीव) हे फ्रेंच आणि स्पॅनिश लोक खातात. समुद्र परत घेतला तेव्हा गिऱ्हाईक पलीकडच्या काठावर राहिलं. ज्या खाड्यांचं पाणी अगदी पहिल्या प्रतीचं नाही तिथले जिवंत शिंपले शुद्ध केल्याशिवाय ईयूत पाठवायला २०२१ पासून बंदीच आली. आदल्या वर्षापर्यंत तेच शिंपले चालत होते. ना खाडी बदलली ना शिंपले.

लीड्सची_सूनबाई

माझ्याकडे एक ठोस फायदा आहे. नवऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश, माझा भारतीय. पूर्वी पॅरिसला उतरलो की तो ईयूच्या रांगेतून भुर्रकन जायचा आणि पलीकडे कॉफी पीत माझी वाट बघायचा. आता दोघंही एकाच लांबलचक रांगेत. ब्रेक्झिटने आमचा संसार जुळवला. 😄

तुळतुळीत

खिक्! धाग्याचा विजेता मिळाला.

उंटावरचा_शहाणा

सूनबाई, रंगाचा बेरंग करतो, माफ करा. तेव्हा ईयू नागरिकाच्या बरोबर प्रवास करणाऱ्या जोडीदाराला त्याच्याच रांगेतून जाता यायचं. शिवाय शेंगेन व्हिसा तुम्हाला फुकट मिळायला हवा होता, कारण ईयू नागरिकाच्या कुटुंबाकडून फी घ्यायची नाही असा नियम आहे. तो हक्क ब्रिटिशांच्या जोडीदारांनी आता गमावला. तुमचा फायदा खरं तर तोटा आहे.

लीड्सची_सूनबाई

नवऱ्याला वाचून दाखवलं. २०१७ मध्ये आम्ही फी भरली होती, आणि रांगेतही मी एकटीच उभी होते. आता तो 'मला तरी कुठे माहीत होतं' म्हणतोय. जुळलेला संसार परत धोक्यात.

शेवंता_लेस्टरकर

एरवी वाचनमात्र असते, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

माझा लेस्टरला छोटा धंदा आहे. भारतातून ओढण्या, तयार ब्लाउज आणि खोटे दागिने मागवायचे आणि वेबसाइटवरून विकायचे. २०२० पर्यंत एक तृतीयांश गिऱ्हाईक जर्मनी आणि नेदरलँड्समधलं. माल ब्रिटनमध्ये उतरताना एकदा जकात भरली की पुढे सगळं युरोप मोकळं. ग्लासगोचं पार्सल आणि फ्रँकफर्टचं पार्सल, दोन्हींना तोच कागद आणि तोच टेप.

जानेवारी २०२१ मध्ये मला वाटलं, करार झालाय, 'शून्य जकात' म्हणतायत, काही फरक पडणार नाही. तिथेच फसले. ती शून्य जकात ब्रिटनमध्ये *बनलेल्या* मालाला. माझी ओढणी जयपूरची. ती लेस्टरमध्ये चार महिने कपाटात राहिली म्हणून ब्रिटिश होत नाही. म्हणजे भारतातून येताना जकात, आणि तोच माल हॅम्बर्गच्या दुकानदाराला घाऊक पाठवला की पुन्हा जकात. दोनदा.

किरकोळ पार्सलांचं दुखणं निराळं. तेव्हा १५० युरोच्या आत जकात नव्हती, पण व्हॅट होता. जुलै २०२१ पासून २२ युरोखालची व्हॅटची सूटही गेली. सुरुवातीला मला ही भानगड कळलीच नाही. कुरिअरवाला दारात जाऊन गिऱ्हाईकाकडे व्हॅट आणि वर स्वतःचा आकार मागायचा. बाई म्हणायची, मी पैसे आधीच भरलेत, आणि पार्सल परत. एका दिवाळीला आठवड्यात एकोणीस पार्सलं परत आली. परतीचं भाडंही मलाच.

मला राजकारण कळत नाही. लेस्टरमध्ये मत जवळजवळ अर्धंअर्धं पडलं होतं आणि माझे दोन शेजारी बाहेर पडा म्हणणारे होते. भली माणसं आहेत. त्यांच्या आयुष्यात यातलं काहीच घडलं नाही, एवढंच.

पाटीपूजक

शेवंताताई, भयंकर आहे हे. वाचनखूण साठवली.

मला तर हे सगळं एकत्र कुटुंबातून वेगळं निघण्यासारखं वाटतं. थोरल्याशी पटत नाही, घरात सतत चर्चा, निर्णय एक होत नाही. वेगळी चूल मांडली की पहिली काही वर्षं ओढाताण होते, मग बसते घडी.

मिठाचा_खडा

आलं का एकत्र कुटुंब? मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

झोपाळा

उपमा उलटी आहे. वेगळा निघणाऱ्याला वाटणीत काहीतरी मिळतं. इथे निघणाऱ्यानेच पैसे मोजले. आधी कबूल केलेल्या खर्चाचा वाटा म्हणून सुरुवातीचा अंदाज ३९ अब्ज पौंडांचा होता. 'बाहेर पडा'वाल्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर मात्र लिहिलं होतं, आठवड्याला ३५ कोटी पौंड ईयूला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली सूट त्या आकड्यातून वजाच केलेली नव्हती.

बेलफास्टी

एकत्र कुटुंबच धरायचं तर असं धरा, की वेगळं निघताना घातलेली भिंत तिसऱ्याच्याच स्वयंपाकघरातून गेली. तो तिसरा म्हणजे आम्ही. बेलफास्टमध्ये आठ वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. शेतं, घरं, रस्ते कापत जाते. मी गाडीने डब्लिनला जायचे तेव्हा देश बदलला हे फक्त वेगमर्यादेच्या पाट्या मैलांतून किलोमीटरमध्ये गेल्यावर कळायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथे लष्कराच्या चौक्या होत्या. १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार झाला, चौक्या गेल्या, आणि दोन्ही बाजू ईयूत असल्यामुळे जकातनाक्याचाही प्रश्न नव्हता. सीमा होती, पण कोणाला दिसत नव्हती. शांतता टिकायला ते *न दिसणं* फार उपयोगी पडलं.

ब्रिटन ईयूच्या बाजारातून बाहेर पडलं की तपासणी कुठेतरी करावीच लागणार. जमिनीवर करावी तर १९९८ चा करार धोक्यात. मग ती समुद्रात ढकलली: स्कॉटलंड-इंग्लंडहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालावर. म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत तपासणी! सॉसेजवरून दोन सरकारं भांडली. ब्रिटनमधल्या रोपवाटिकांनी मुळांशी माती असलेली रोपं आमच्याकडे पाठवणं थांबवलं. मी नेहमी जिथून गुलाब मागवायचे त्यांनी नम्रपणे कळवलं, की आता जमणार नाही. ज्या पक्षाने ब्रेक्झिटला पाठिंबा दिला त्याच डीयूपीने या समुद्रातल्या सीमेचा निषेध म्हणून उत्तर आयर्लंडचं स्थानिक (स्टॉरमाँटचं) सरकार फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४ बंद पाडलं. मधे, २०२३ मध्ये, ऋषी सुनक यांनी ईयूशी विंडसर फ्रेमवर्क नावाचा नवा करार केला आणि जाच कमी झाला. आता काही पाकिटांवर 'नॉट फॉर ईयू' असा शिक्का असतो. माझी मुलगी ते वाचून म्हणाली, आई, हे दूध एवढं वाईट आहे का?

आणि धागाकर्त्याला हवा तो ठोस फायदाही आमच्याकडेच आहे. उत्तर आयर्लंडचा कारखानदार ब्रिटन आणि ईयू, दोन्ही बाजारांत माल अडथळ्याविना विकू शकतो. फक्त हा फायदा अर्धवट बाहेर पडल्याचा आहे, पूर्ण बाहेर पडल्याचा नव्हे.

चौकोनी_चंद्र

बेलफास्टीताई, दंडवत. शेवटचं वाक्य भावाला पाठवणार नाही. 😄

तुळतुळीत

लस विसरलात का सगळे? ब्रिटनने २ डिसेंबर २०२० ला फायझरला परवानगी दिली, ईयू मागे राहिला. हा तर शंभर टक्के ब्रेक्झिटचा फायदा.

उंटावरचा_शहाणा

२ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ चालू होता, म्हणजे ब्रिटनला ईयूचेच नियम लागू होते. त्याच नियमांत तातडीच्या परवानगीची सोय होती, ती वापरली. तारीख तुम्हीच दिलीत.

नर्मदेतला_गोटा

कायद्याने बरोबर. पण ईयूत असताना एकट्याने लस घेण्याचं राजकीय धाडस झालं असतं का? सगळे देश एकत्र खरेदी करत होते. असो, अर्धा गुण द्या.

शेवंताताईंबद्दल मला खरंच वाईट वाटलं. पण त्याची दुसरी बाजू बघा. ईयूत असताना भारताच्या मालावर किती जकात लावायची हे ब्रसेल्स, म्हणजे ईयूचं मुख्यालय, ठरवायचं. आता लंडन ठरवतं. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्या करारानुसार ९९ टक्के प्रकारच्या भारतीय मालावर ब्रिटनमध्ये जकात नाही. ताईंची निदान एक जकात जाईल. आणि ट्रम्प यांनी २०२५ मध्ये आयातकर लावले तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि ईयूला शेवटी १५ टक्के पडले. हा फरक मोजता येतो की नाही?

तुळतुळीत

त्याच करारात स्कॉच स्वस्त होणार आहे ना? चर्चा संपली. ब्रेक्झिट झिंदाबाद.

झोपाळा

भारताची १५० टक्के जकात आधी ७५ वर, आणि ४० वर यायला दहा वर्षं. तोवर यकृत सांभाळा.

गोट्या, करार करता येणं हा फायदा आहे, मानतो. पण मोठ्याच्या मागे उभं राहून घासाघीस करणं आणि एकट्याने करणं यात फरक आहे. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता, असं तेव्हाच्या मंत्रिमंडळातले शेतीमंत्री जॉर्ज युस्टिसच पद गेल्यावर संसदेत बोलले. आणि जर्मनी ईयूत राहूनच भारताला ब्रिटनपेक्षा कितीतरी जास्त माल विकतो. सरकारच्या अर्थसंकल्पाची छाननी करणारी ओबीआर ही स्वतंत्र संस्था धरून चालते, की बाहेर पडल्यामुळे उत्पादकता दीर्घ मुदतीत ४ टक्क्यांनी कमी राहील. घराचं उत्पन्न कायमचं चार टक्क्यांनी कमी झालं तर कळतं की.

नर्मदेतला_गोटा

ओबीआरचा तो अंदाज आहे, मोजमाप नाही. कोविड आणि युक्रेन युद्ध मधे आल्यावर काय कशामुळे झालं हे वेगळं काढणं महाकठीण. २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं होतं, नुसतं 'बाहेर पडा' असं मत पडलं तरी वर्षभर मंदी येईल. आली का? पौंड पडला, मंदी नाही आली. तेव्हापासून मी अंदाजांना मिठाचा खडा लावून वाचतो. (त्या नावाच्या आयडीने हलकेच घ्यावं.)

मिठाचा_खडा

मला लावल्याबद्दल आभार.

कंपाउंडर_काका

मी इंग्लंडमधल्या एका सरकारी इस्पितळात काम करतो (नाव नको). २०१६ च्या आधी आमच्या वॉर्डात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन नर्सेस भरपूर होत्या. सार्वमतानंतर नवीन येणं आटलं. एका पोर्तुगीज सहकारीणीला 'तू कधी जाणार परत?' असं पेशंटने विचारलं. ती बारा वर्षं इथे होती. कागदपत्रांची अडचण नव्हती, सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याचा परवाना) मिळालं असतं. ती तरी गेली.

त्यांच्या जागी कोण आलं? केरळ, फिलिपाइन्स, नायजेरिया. लोकांनी मत दिलं होतं ते परदेशी लोक कमी यावेत म्हणून. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या पुढे गेलं, सार्वमताच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट. लिंकनशायरमधल्या बॉस्टनने बाहेर पडण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त, ७५ टक्क्यांहून अधिक मत दिलं होतं. तिकडच्या शेतांत तेव्हा पोलंड आणि लिथुएनियाची माणसं कोबी काढायची. आता हंगामी मजूर किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तानहूनही येतात. कोबी तोच.

लिंबूटिंबू

म्हणजे ब्रेक्झिटचा खरा फायदा आपल्याच लोकांना झाला की काका! विद्यार्थी, नर्सेस, आयटीवाले, सगळ्यांना दार उघडलं.

कंपाउंडर_काका

उघडलं आणि बोट अडकलं असताना लावलंही. केअर होममधल्या कामाला फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी माणसं घ्यायला लागले. मार्च २०२४ पासून बायको-मुलांना आणायला बंदी. जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद. लोक घरदार विकून आले होते. करी हाऊसवाल्यांचं तेच. 'युरोपची माणसं कमी झाली की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल' असं त्यांना प्रचारात सांगितलं होतं. पुढे पगाराची अट एवढी वाढली, की छोट्या हॉटेलला आचारी आणणं परवडेना.

नर्मदेतला_गोटा

काका, तुमच्या प्रतिसादाने माझं काम सोपं केलं. दार उघडलं, लावलं, चुकलं, बदललं. सगळं लंडनने केलं. ज्यांनी केलं त्यांना मतदारांनी शिक्षा दिली. २०१५ मध्ये पंतप्रधान कॅमेरॉन स्थलांतराचा आकडा खाली आणण्याचं वचन देत होते तेव्हा ईयूतून येणाऱ्यांच्या बाबतीत त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. आता कुठल्याही पंतप्रधानाला 'ब्रसेल्समुळे झालं' असं म्हणायची सोय राहिली नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा. निर्णय चांगला होईल अशी हमी मी कधीच दिली नव्हती.

झोपाळा

हा तुझा आजवरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. सहमत नाही, पण उत्तरही सुचत नाहीये.

पाटीपूजक

मग स्कॉटलंडने हेच म्हटलं तर? त्यांनी ६२ टक्क्यांनी 'राहा' म्हटलं होतं आणि त्यांना ओढत बाहेर नेलं. त्यांनाही निर्णय स्वतःचाच हवा असेल.

बेलफास्टी

२०१४ मध्ये स्कॉटलंडने ५५-४५ ने ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं. तेव्हा त्यांना सांगितलं होतं, वेगळे झालात तर ईयूतून बाहेर फेकले जाल. 😐 आता स्वतःहून दुसरं सार्वमत घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं. ईयूतून निघायला ईयूच्या करारातलं कलम ५० तरी होतं. गंमत म्हणजे तेही लिहिलं एका स्कॉटिश मुत्सद्द्याने, जॉन कर यांनी. ब्रिटनमधून निघायला असं कुठलंच कलम नाही.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: निघणारा पहिला ब्रिटन नव्हे. डेन्मार्कच्या ग्रीनलंडने १९८२ मध्ये सार्वमत घेतलं आणि १९८५ मध्ये तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडलं. कारण? मासे.

मिठाचा_खडा

म्हणजे युरोप जोडतो कोळसा-पोलादाच्या कराराने आणि तुटतो माशांनी. जाता जाता, भूक लागली.

चौकोनी_चंद्र

सगळा धागा भावाला वाचायला दिला. तो सूनबाईंवर हसला, शेवंताताईंपाशी गप्प झाला, आणि गोटेसाहेबांच्या शेवटच्या प्रतिसादाला म्हणाला, 'हे तू बोलला असतास तर जेवणं तरी झाली असती.'

मी वस्तू मागितली होती. ट्रम्पच्या करातला फरक आणि भारताशी करार मी धरतो. लस अर्धी. पासपोर्ट शून्य. सबब सांगायची सोय गेली हा फायदा मोठा वाटतो, पण हातात धरता येत नाही, माझीच अट आडवी आली. आणि एक खटकतं, ते भावानेच दाखवलं: फायदे सांगणाऱ्यांपैकी कोणाचाही अनुभव स्वतःचा नाही, तोट्यांचे जवळजवळ सगळे घरचे आहेत.

शेवंताताई, तुमच्या धंद्याचं पुढे काय झालं ते राहिलंच.

नर्मदेतला_गोटा

खटकतं म्हणजे काय? दवाखान्यात आजारीच माणसं भेटतात. ज्याचं बरं चाललंय तो धाग्यावर कशाला येईल?

शेवंता_लेस्टरकर

चाललाय अजून. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये एका गोदामात जागा भाड्याने घेतली. आता युरोपचा माल भारतातून थेट तिकडे उतरतो, जकात एकदाच. पार्सलं बांधायला तिथल्याच दोन बायका ठेवल्यात, हुशार आहेत. लेस्टरला माझ्याकडे जी मुलगी पॅकिंगला होती तिचे तास निम्मे करावे लागले. तिने 'बाहेर पडा'ला मत दिलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

लीड्सची_सूनबाई

शेवंताताई, त्या गोदामाचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? माझी जाऊ मसाले विकते, तिची पार्सलंही परत येतात. आणि यंदा रांगेत उभं राहणार असू तर जाता जाता गोदाम तरी बघून येऊ.